गोळीचा गुरुवार

आमच्याकडे सुट्टी म्हटली की गुरुवार. रविवारी घरी बसणारी माणसं मला अजूनही थोडी परकीच वाटतात. लग्न होऊन धाराशिवकडून पहिल्यांदा पिंपळे गुरवला आले, तेव्हा दर गुरुवारी गल्लीतले पुरुष सकाळी अंघोळी करून ओट्यावर बसलेले बघून मला वाटलं, काय देवभोळं गाव आहे बाई, सगळेच्या सगळे गुरुवार धरतात! दुपारी त्यातलेच दोघं मटणाची पिशवी घेऊन येताना दिसले आणि माझा भ्रम फिटला. भोसरी काय, चाकण काय, कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, एवढाच त्यातला धर्म.

आमच्या ह्यांना मात्र तोही गुरुवार नव्हता. हे चाकणला एका कंपनीत पॉवर प्रेसच्या मेंटेनन्सला. गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या त्या अजस्र मशिनी आठवडाभर धडाधड चालतात, त्यामुळे त्यांची दुरुस्ती करायची ती सुट्टीच्याच दिवशी. सगळी गल्ली घरी लोळत असायची, तेव्हा आमची स्वारी डबा घेऊन कंपनीच्या बसला उभी. वर त्या ओव्हरटाइमचं कौतुक तरी किती! "सुट्टी घेऊन काय करायचं घरात?" असं मलाच विचारायचे.

"बायकोचं तोंड बघायचं," मी म्हणायचे.

"ते रोजच बघतो की."

असला माणूस! मीही काही ऐकून घेणारी नाही, पण गुरुवारच्या बाबतीत मी केव्हाच हात टेकले होते. माझं शिवणकाम होतं. ब्लाउज, फॉल-पिको, कुणाच्या परकराला नाडी. गुरुवारी बायकांना नवरे घरी असल्यानं वेळ नसायचा, म्हणून मी पडून राहिलेले ब्लाउज त्या दिवशी संपवायची. म्हणजे काय, घरात दोघंही गुरुवारी राबणारेच.

तर गोष्ट गोळीची सांगायची आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या छातीतली गाठ काढली होती. ऑपरेशन झालं, किरणांचे शेक दिले, केस गेले, केस आले, आणि मी मानलं की सुटले. मागच्या वर्षी कंबर धरायला लागली. दिवसभर मशीनवर वाकून बसणाऱ्या बाईची कंबर नाही दुखणार तर कुणाची? मी तेल चोळत राहिले. तपासणीला गेले तेव्हा डॉक्टर मॅडमना सहज म्हटलं, तर त्यांनी लगेच स्कॅनला पाठवलं. या मॅडम वाकडच्या बाजूच्या दवाखान्यात बसतात. लेकीच्या वयाच्या, पण बोलताना डोळ्यांत बघून बोलतात, मला ते आवडतं. स्कॅन समोर धरून त्या म्हणाल्या, "काकू, कमरेच्या हाडात एक ठिपका आहे. जुनाच आजार, तिथं जाऊन बसलाय."

ह्यांनी माझा हात धरला. चारचौघांत हात धरायची आमच्यात पद्धत नाही, त्यामुळे मी घाबरलेच.

"हा मुळापासून उपटून टाकते असं मी म्हणणार नाही," मॅडम म्हणाल्या. "पण याला वर्षानुवर्षं जागच्या जागी बसवून ठेवता येतं. आपण ते करायचं."

"बसवून ठेवायचं म्हंजे कसं?" ह्यांनी विचारलं. मशिनीचा माणूस, कसं ते कळल्याशिवाय चैन पडत नाही.

मॅडमनी एक कोरा कागद ओढला आणि दोन गोल काढले. म्हणाल्या, आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीत ही दोन प्रथिनं असतात. एक कायम हजर असतं, पण एकट्याच्यानं काही होत नाही. दुसऱ्याचं नाव सायक्लिन. ते पेशीला वाढायची गरज पडली की तयार होतं, येऊन पहिल्याला चिकटतं. दोघं जुळली की पेशीला हुकूम सुटतो, एकाच्या दोन व्हा. काम झालं की सायक्लिन विरघळून जातं आणि पहिलं पुन्हा गप्प बसतं. जखम भरते, केस वाढतात, रक्त तयार होतं, ते सगळं असंच.

हे खुर्चीत पुढे सरकले. "मॅडम, हे तर आमचं दोन हातांचं बटण झालं!"

मला वाटलं, झालं, आता दवाखान्यात कंपनी काढणार. पण मॅडमनी पेन खाली ठेवून विचारलं, "ते काय असतं काका?"

मग ह्यांनी सांगितलं. प्रेसला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. म्हणजे ठोकळा पडताना माणसाचे दोन्ही हात बटणावरच असणार, आत सापडणार नाहीत. पण जास्त माल काढायच्या नादात काही जण एका बटणात लाकडाची पाचर ठोकून ठेवतात. मग एका हाताचं काम. ह्यांच्या जोडीदाराची चार बोटं अशाच पाचरीनं गेली. तेव्हापासून हे पाचर दिसली की आभाळ डोक्यावर घेतात.

"अगदी तेच," मॅडम म्हणाल्या. "काकूंच्या त्या पेशींत एका बटणात पाचर बसलीय. सायक्लिन जायला तयार नाही, म्हणून हुकूम सारखा सुटतोय."

"मग पाचर काढायची?"

"पाचर निघत नाही. आपण दुसऱ्या बटणाला कुलूप घालायचं. ही गोळी त्या पहिल्या प्रथिनाच्या खोबणीत जाऊन बसते. मग सायक्लिननं कितीही चिकटून घेतलं तरी हुकूम सुटत नाही."

मला त्यातलं किती कळलं देव जाणे. पण ह्यांचा चेहरा उजळला, आणि तो उजळलेला बघून मलाही धीर आला. मशीन दुरुस्त करताना हे लोक मुख्य स्विचला कुलूप लावतात आणि किल्ली आपल्या खिशात ठेवतात. आत माणूस असताना कुणी चुकून मशीन चालू करू नये म्हणून. त्या कुलपावर ह्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास.

गोळीचा नेम मॅडमनी दोनदा सांगितला. तीन आठवडे रोज जेवणाबरोबर एक, मग एक आठवडा सुट्टी. सुट्टी संपताना रक्त तपासायचं आणि मगच पुढची पट्टी सुरू. सोबत एक छोटी गोळी होती, ती मात्र रोज, तिला सुट्टी नाही. हे मान हलवत होते. घरी आल्यावर दोन्ही गोळ्यांचं खातं त्यांनी स्वतःकडे घेतलं. आपल्या हातानं पाण्याचा पेला आणि गोळी द्यायचे, मी गिळेपर्यंत समोर उभे. शिफ्ट दुपारची असली तर सकाळी जेवायला लावून गोळी देऊनच बाहेर पडायचे.

"मी काय लहान आहे?" मी खेकसायची.

"आ कर," हे म्हणायचे.

पहिली पट्टी संपली आणि पहिली सुट्टी आली. तो आठवडा ह्यांनी कसा काढला ते मीच बघितलं. कंपनीतून आले की आधी माझी कंबर. "दुखतंय का? जास्त दुखायलंय का?" मी ब्लाउजला हूक लावत बसले असले तरी समोर येऊन उभे. शेवटी बोललेच. "कुलूप काढून ठेवलंय आपण. आत मशीन मोकळं सुटलंय. आमच्याकडं असं केलं तर माणसाला गेटबाहेर काढतात."

"मॅडम शिकलेल्या आहेत."

"मी कुठं न्हाय म्हणलं? पण ती छोटी गोळी बघ, बिचारी रोज राबती. हिलाच काय सुट्टीचं कौतुक?"

मी हसले. त्या वेळी हसायला आलं खरं. रक्त तपासलं, ठीक आलं, दुसरी पट्टी चालू झाली. अंगात थकवा असायचा, जिना चढताना दम लागायचा, पण कंबर मात्र हलकी झाली होती. शेजारणी येऊन सल्ले देऊन जायच्या. एकीनं गव्हांकुर सांगितले, दुसरीनं पपईच्या पानांचा रस, तिसरीनं तर माझ्या डोक्यावरून मीठमोहऱ्या उतरून टाकल्या. मी सगळ्यांना हो म्हणायची आणि काही करायची नाही.

दुसरी पट्टी एका बुधवारी संपली. दुसऱ्या दिवशी गुरुवार. हे ओव्हरटाइमला निघायच्या घाईत होते, पण मला सकाळीच जेवायला बसवलं आणि तळहातावर गोळी ठेवली. नवी पट्टी त्यांनी आधीच आणून ठेवली होती.

"अहो, आजपासून सुट्टी ना?"

"सुट्टी दिलीय. घ्यायची का न्हाय ते आपलं आपण ठरवायचं," हे म्हणाले. "आपण ओव्हरटाइम लावू. चार आठवड्यांचं काम जास्त की तीन आठवड्यांचं?"

हिशेब तर बरोबर होता! आणि त्यांचा चेहरा असा की जणू मॅडमना न सुचलेली युक्ती सापडलीय. मलाही त्या ठिपक्याची धास्ती होतीच. कुलूप काढायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा. मी गोळी गिळली. हे शीळ घालत बस पकडायला गेले.

पुढच्या मंगळवारी माझं तोंड आलं. वरणभातसुद्धा जाईना, जीभ सोललेली. बुधवारी दुपारी थंडी वाजून ताप भरला. हे पहिल्या शिफ्टहून नुकतेच आले होते. माझ्या कपाळाला हात लावला आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. शेजारी गॅरेजवाले चाचा असतात. दोघांची दोस्ती इतकी जुनी की ईदचा शिरखुर्मा आमच्याकडे आधी येतो आणि मग त्यांच्या पाहुण्यांना मिळतो. ह्यांनी दारातूनच हाक मारली. चाचा दुरुस्तीला आलेलीच एक गाडी घेऊन दारात हजर.

"चाचा, दुसऱ्याची गाडी..." मी म्हणाले.

"भाभी, गाडीत बसा. भांडायचं नंतर."

दवाखान्यात रक्त घेतलं. मॅडम रिपोर्ट घेऊन आल्या तेव्हा त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या. पांढऱ्या पेशी जवळजवळ तळाला गेल्या होत्या. अंगात साधा जंतू शिरला तरी त्याच्याशी लढायला माणूस नाही, अशी गत. "पण असं व्हायला नको," त्या म्हणाल्या. "सुट्टीच्या आठवड्यात या पेशी वर यायला हव्यात. काकू, आणखी काही घेताय का? काढा, भस्म, कुणी दिलेलं काही?"

मी ह्यांच्याकडे बघितलं.

ह्यांनी घसा साफ केला. "मॅडम, गोळी चालूच हाय. सुट्टी न्हाय दिली तिला. ओव्हरटाइम लावला." साहेबासमोर चांगल्या कामाची खबर द्यावी त्या आवाजात सुरुवात केली, आणि शेवटच्या शब्दापर्यंत आवाजच राहिला नाही. मॅडमचा चेहरा बघूनच त्यांना कळलं असणार.

मी तिथंच तोंड सोडलं. "अति तिथं माती म्हणतात ती ही! उंटावरचे शहाणे! सांगितलेलं ऐकायचं नाही, आपलंच डोकं चालवायचं. तुमची कंपनी आहे का ही?" तोंडात फोड असूनही मला बोलायला त्रास झाला नाही.



मॅडम ह्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. रागावतील असं वाटलं होतं, पण हळू बोलल्या. "काका, गोळीला आपलं-परकं कळत नाही. ती दोन बटणं फक्त वाईट पेशींत नसतात, सगळ्या पेशींत असतात. काकूंच्या हाडातल्या मगजात रोज नव्या पांढऱ्या पेशी बनतात. त्या एकाच्या दोन होऊनच बनतात ना? गोळी चालू असली की त्यांच्याही बटणाला कुलूप. तीन आठवड्यांत त्या थकून खाली येतात, म्हणून एक आठवडा कुलूप काढायचं. ती सुट्टी आजाराला नव्हती. काकूंच्या हाडांना होती."

ह्यांनी खाली बघितलं. मग म्हणाले, "म्हंजे गुरुवार."

"काय?"

"मशीन बंद ठेवल्याबिगर त्याला हात लावता येत न्हाय. झिजलेलं बदलायचं, तेल द्यायचं, ते सगळं बंद असतानाच. जन्मभर गुरुवारी दुसरं केलं काय मी? आणि मीच हिचा गुरुवार खाल्ला."

त्यांचे डोळे भरले होते. लग्नापासून आजवर मी ते कधी बघितलं नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे गेला.

मॅडमनी पुढचं स्पष्ट सांगितलं. गोळी आजपासून बंद. तापासाठी सलाईनमधून औषध, पेशी वाढायला इंजेक्शन. पेशी वर आल्या तर कमी ताकदीची गोळी पुन्हा सुरू करता येईल. नाही आल्या तर ही गोळी आपल्याला सोडून द्यावी लागेल.

"आणि तो ठिपका?" मी विचारलं.

"तोवर तो मोकळा आहे," मॅडम म्हणाल्या.

मला वेगळ्या खोलीत ठेवलं. येणाऱ्यानं मास्क लावायचा, हात धुवायचे, फळफुलं आणायची नाहीत. हे दाराच्या काचेबाहेर उभे असायचे. आत यायला परवानगी होती, पण येत नसत. सिस्टरला म्हणाले, माझ्या अंगाला मशीनचं तेल असतं, मी बाहेरच बरा. घरून दोनदा अंघोळ करून येत होते, तरी हेच.

पहिल्या दिवशीचा रिपोर्ट आला, पेशी तिथंच. दुसऱ्या दिवशी आणखी खाली. सिस्टरनं सांगितलं नाही, पण तिनं माझ्याकडे न बघता सलाईन बदललं तेव्हाच मी ओळखलं.

मला मरायची भीती वाटली. वाटलीच. देवाधर्माच्या चार गोष्टी मी दुसऱ्यांना सांगते, पण त्या पलंगावर पडल्यावर एकही उपयोगी पडली नाही. आणि त्याहून मोठी भीती दुसरी होती. दाराच्या काचेतून ह्यांचं डोकं दिसायचं, बाकावर वाकून बसलेलं. मनात यायचं, एक वेळ मी जाईन, सगळेच जातात. पण ह्यांच्या हातानं गेले असं व्हायला नको रे देवा. हा माणूस मला रोज पेला हातात देऊन आ कर म्हणायचा. मी गेले तर तो स्वतःच्या हाताकडे बघत उरलेलं आयुष्य काढेल. माझ्यासाठी नको, पण त्याच्यासाठी तरी त्या पेशी वर येऊ देत.

चाचा आले तेव्हा काचेतून खुणा करून गेले आणि मग फोनवर बोलले. "भाभी, तुमचा मालक जेवत नाही. मी डबा आणला तर म्हणतो, ठेव. आणि ऐका, कंपनीतून फोन आला होता, मोठी प्रेस अडकली म्हणे. तर काय म्हणाला माहितीय? आज न्हाय जमणार!"

"तोंडानं म्हणाले असं?"

"माझ्या कानांनी ऐकलं. मी म्हटलं, या खुदा, आता काय काय बघावं लागणार."

मी फोन ठेवला आणि सिस्टरला म्हटलं, त्या बाहेरच्या माणसाला आत बोलवा, नाहीतर मी सलाईन काढून बाहेर येते. हे आले. टोपी, मास्क, हातमोजे, वरून हिरवा झगा. नुसते डोळे दिसत होते.

"जेवला नाहीत म्हणे."

"भूक न्हाय."

"ऐका माझं. गोळी मी गिळली. माझ्या हातानं, माझ्या तोंडानं. तुम्ही जबरदस्ती केली नव्हती. मलाही तो ठिपका मरायलाच हवा होता. आता बाहेर जा आणि चाचांचा डबा खा. नाहीतर माझ्या पेशी वर आल्या तरी मी त्यांना खाली पाठवीन."

मास्कच्या आत काहीतरी हललं. हसले की रडले, कळलं नाही. बाहेर गेले आणि काचेसमोर बसून, मला दिसेल असा, डबा खाल्ला. चाचींनी दालचा-भात दिला होता. एक घास खाल्ला की माझ्याकडे बघायचे, शाळेतल्या पोरासारखे.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला. घामानं उशी भिजली होती. दुपारी मॅडम आल्या, आणि येतानाच कागद हलवत आल्या. "काकू, वर यायला लागल्या!"

"किती?"

"चांगल्या उचलल्यात. अजून एक दिवस बघू, पण हाडांनी काम सुरू केलंय."

माझा जीव भांड्यात पडला. मी मोठ्यानं रडायलाच लागले. मॅडमनी काचेकडे वळून बाहेर अंगठा वर करून दाखवला. हे बाकावरून उठले, आणि उठल्या उठल्या तिथंच भिंतीला टेकून खाली फरशीवर बसले. सिस्टर धावली. तिला वाटलं चक्कर आली. चक्कर कसली, हे दोन्ही हात जोडून बसले होते. चाचा त्यांना उठवायचं सोडून शेजारी फरशीवरच बसले आणि दोघं म्हातारे गडी एकमेकांच्या पाठीवर थापा मारत राहिले. मी ते बघून रडता रडता हसले, आणि तोंडातले फोड असे दुखले म्हणता!

दोन दिवसांनी मी घरी आले. पेशी पुरेशा वर आल्या तेव्हा कमी ताकदीची गोळी सुरू झाली. मॅडमनी ह्यांच्याकडून तिथल्या तिथे नेम म्हणवून घेतला. ह्यांनी घडाघडा म्हटला, आणि शेवटी स्वतःहून जोडलं, "आणि चौथा आठवडा मेंटेनन्स."

पुढचा स्कॅन झाला तेव्हा मॅडम बराच वेळ पडद्याकडे बघत होत्या. मी ह्यांचा हात धरला, या वेळी मी. "बसलाय," त्या म्हणाल्या. "जागच्या जागी, गप्प बसलाय. जरा फिकाही झालाय." मधल्या त्या मोकळ्या दिवसांत त्यानं हातपाय पसरले नव्हते. आम्ही बाहेर येऊन रस्त्यावरच्या गाडीवर दोन-दोन कटिंग चहा प्यालो. ह्यांनी चहावाल्याला विनाकारण सांगितलं, "भावा, चहा झकास झाला." तो बिचारा चक्रावला.

पण मला सांगायचाय तो दिवस स्कॅनच्याही आधीचा. कमी ताकदीच्या गोळीची पहिली पट्टी संपली होती, आणि सुट्टीचा पहिला दिवस नेमका गुरुवारी आला.

मी सकाळी उठून ह्यांचा डबा केला. बघते तर हे अंघोळ करून, घरचाच शर्ट घालून, ओट्यावर बसलेले. गल्लीतल्या बाकीच्या पुरुषांसारखे.

"बस चुकेल की."

"आज न्हाय जात."

"म्हणजे?"

"सांगून ठेवलंय. चौथ्या आठवड्याच्या गुरुवारी मी मिळणार न्हाय. दुसरा माणूस तयार केलाय."

डबा उघडून त्यातलंच दोघांनी खाल्लं. मग चाचींच्या मुलीचा ब्लाउज राहिला होता म्हणून मी शिलाई मशीनवर बसले. पायडल मारलं तर चाक नुसतंच फिरलं. ह्यांनी पट्टा काढून ठेवला होता.

"अहो!"

"आवाज नको," हे म्हणाले. "आत काम चालूय."

मला हसू आवरेना. पण ते गंभीर होते. तारांच्या दुरुस्तीसाठी दर गुरुवारी जाते तशी लाइट गेलेली होती, पंखा बंद, शेजारचं चाचांचं गॅरेजही बंद. पिंपळे गुरवला एवढं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. मी जाऊन ओट्यावर त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी माझ्या कमरेवर मागून तळहात ठेवला. प्रेस नीट झाली का ते हे अंगावर हात ठेवून, थरथर बघून ओळखतात, असं मी ऐकून होते. तसाच ठेवला.

"काय म्हणतंय?" मी विचारलं.

"चालूय काम," ते म्हणाले. "चालू दे निवांत."

हात तसाच होता. समोरच्या शेजारणीनं बघितलं, मी बघू दिलं. लग्नानंतरचा आमचा तो पहिला अख्खा गुरुवार.